सिंधूचे कौतुक आता पुरे

आमच्या भागात एखाद्या बाईची शेवटची स्तुती करायची असेल तर एक शब्द पुरतो. तेराव्याच्या पंगती उठतात, पानसुपारी फिरते, आणि भिंतीला टेकून बसलेले कोणीतरी वडीलधारे हलकेच म्हणते, ‘‘अगदी सिंधू होती हो!’’ मग आणखी दोन-चार माना डोलतात. सिंधू कोण, हे कुणी विचारत नाही. ज्यांनी नाटक पाहिलेले नाही, वाचलेले नाही, त्यांनाही ते ठाऊक असते. नवऱ्याने काहीही केले तरी जिने तोंडातून शब्द काढला नाही, ती सिंधू.

१९८३ साली माझी धाकटी मामी गेली, तेव्हा हे वाक्य मी पाच-सहा जणांच्या तोंडून ऐकले. ऐकून बरे वाटले होते, हे कबूल करतो. आपल्या घरातल्या बाईला एवढ्या मोठ्या नाटकातल्या नायिकेचे नाव मिळाले, याचा थोडा अभिमानही वाटला होता. आज इतक्या वर्षांनी गडकऱ्यांचे ते नाटक पुन्हा ओळीने वाचून काढले आणि तेच वाक्य घशात अडकले. का अडकले, ते सांगण्यासाठी हा लेख.

‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास केला. त्या वेळी राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. २३ जानेवारीला नागपूरजवळच्या सावनेर येथे, वयाची चौतीस वर्षेही पुरी होण्याआधी, ते वारले होते. नाटकातली पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. लेखकाने स्वतःच्या नाटकाचा पडदा वर जाताना पाहिला नाही. पण तो पडदा पुढे शंभर वर्षे वर जातच राहिला. संगीत नाटकाचे वैभव ओसरले, मंडळ्या बुडाल्या, आणि हे नाटक मात्र हौशी मंडळांनी, गणेशोत्सवांनी, तालुक्याच्या गावच्या क्लबांनी जिवंत ठेवले. मी ते पहिल्यांदा पाहिले तेही अशाच एका मांडवात, सतरंजीवर बसून. शेवटच्या अंकात बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत होते. माझी मामी तिथेच कुठेतरी होती.

या नाटकावर ‘दारूबंदीचे नाटक’ असा शिक्का पहिल्यापासून बसला आहे, आणि तो अकारण नव्हे. पुण्यात १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या गुत्त्यांसमोर पहारे दिले होते. मद्यपाननिषेध हा त्या काळी राष्ट्रकार्याचा भाग होता. पुढे स्वतंत्र भारतात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. सभांतून व्याख्याते सुधाकराची तोंडपाठ भाषणे म्हणून दाखवू लागले. दारूच्या तीन अवस्थांविषयीचे त्याचे विवेचन तर स्पर्धांमधून शाळकरी मुलेही घडाघडा म्हणत. नाटकाच्या नावातच उपदेश आहे, असे सगळ्यांनी धरून चालले: पहिला पेला घेऊ नका, म्हणजे पुढचे काही होणार नाही.

मला हा शिक्का अपुरा वाटतो. दारू वाईट, एवढेच सांगायचे असते तर तळीराम पुरेसा होता. तळीराम पितो, पीत राहतो, आणि पिऊन मरतो. त्याच्या आजारपणातही गडकरी आपल्याला हसवतात, आणि त्याच्या मरणाने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणजे केवळ दारूने माणूस मेला तर त्याची शोकांतिका होत नाही, हे गडकऱ्यांना पक्के ठाऊक होते. शोकांतिका सुधाकराची आणि सिंधूची होते. का होते, हा खरा प्रश्न आहे.

मानी माणूस

सुधाकर आपल्याला भेटतो तो बुद्धिमान, तरुण वकील म्हणून. गरिबीतून, पोरकेपणातून तो स्वतःच्या हिमतीवर वर आला आहे. श्रीमंत घरची सिंधू त्याची बायको आहे, आणि सासरच्या पैशाकडे त्याने कधी पाहिलेले नाही. आपल्याकडे अशा माणसाला ‘स्वाभिमानी’ म्हणतात आणि मुलांपुढे त्याचा आदर्श ठेवतात. मग एके दिवशी भर कोर्टात मुन्सफाशी त्याची बाचाबाची होते आणि त्याची सनद सहा महिन्यांपुरती रद्द होते.

सहा महिने! वाचताना मी या आकड्यापाशी थांबलो. जन्मभराची सनद गेलेली नाही, तुरुंग नाही, घरावर जप्ती नाही. सहा महिने घरी बसायचे, वाचायचे, मुलाला खेळवायचे, आणि सातव्या महिन्यात पुन्हा काळा कोट चढवायचा. दहा माणसांपैकी आठांनी हेच केले असते. नवव्याने मुन्सफाच्या घरी जाऊन माफीही मागितली असती. सुधाकराला यांतले काही जमत नाही, कारण त्याच्याजवळ मानाखेरीज दुसरी इस्टेटच नाही. पोरका मुलगा नावावर मोठा झाला. नावाला डाग लागला की तो पुन्हा पोरका. ती जळजळ विसरण्यासाठी त्याचा कारकून तळीराम त्याच्यासमोर पेला धरतो. तळीरामाला वकिली येत नसेल, पण आपल्या मालकाला कुठे दुखते ते त्याला बरोबर कळते.

म्हणून तळीरामाला खलपुरुष ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. ज्या बाटलीत तो दुसऱ्याला बुडवतो, तिच्यातच स्वतः बुडतो. त्याचे ते आर्यमदिरामंडळ आठवा. शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीला बसवण्याची किमया भल्याभल्या सुधारकांना जमली नव्हती, ती तिथे पेल्याने करून दाखवली. या प्रसंगाला आपण पोट धरून हसतो. पण हसता हसता एक गोष्ट लक्षात येत नाही. त्या संबंध नाटकात पडलेल्या सुधाकराला ‘या, बसा’ म्हणणारी ती एकच बैठक आहे.

दुसरा पेला

नाटकाचे नाव ‘एकच प्याला’ असले तरी माझ्या हिशेबाने त्यात पेले तीन आहेत. पहिला सनद गेल्यावरचा. तिसरा अगदी शेवटचा, दारूत विष कालवलेला. या दोहोंची चर्चा पुष्कळ झाली. मधल्या पेल्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही, आणि मला तर नाटकाचा कणा तोच वाटतो.

उत्तरार्धात सुधाकर दारू सोडतो. आपल्याला हे चटकन आठवत नाही, कारण आपल्या मनात तो कायम झिंगलेलाच उभा असतो. पण तो सोडतो, मनापासून सोडतो. आणि मग, ज्याने जन्मात कुणापुढे मान वाकवली नाही असा तो मानी माणूस, काम मागायला लोकांच्या दारी जातो. पडेल ते काम करण्याची त्याची तयारी असते. दारे उघडतात ती सभ्य, प्रतिष्ठित, कधीही पेल्याला न शिवलेल्या माणसांची. ती माणसे त्याला काय देतात? टोमणे, उपदेश आणि अविश्वास. दारुड्याला नोकरी कोण देणार? तो तसाच परततो, आणि मग जो पेला उचलतो तो अखेरपर्यंत खाली ठेवत नाही.

पहिल्या पेल्याला सुधाकर जबाबदार आहे, हे मान्य. दुसऱ्या पेल्याची जबाबदारी कुणाची? गडकऱ्यांनी त्या गृहस्थांना नाटकात मोठे स्थान दिले नाही. येतात, बोलतात, जातात. प्रेक्षागृहात पुढच्या रांगांत तीच माणसे बसलेली असणार, हे त्यांना माहीत असावे.

त्या गृहस्थांपैकी एक मी आहे.

हे लिहायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली. १९७८ सालची गोष्ट. माझे धाकटे मामा एका सहकारी सोसायटीत हिशेबनीस होते. अक्षर मोत्यासारखे, तोंडी हिशेब असा की आकडेमोडीच्या यंत्राने लाजावे, आणि तबला वाजवायला बसले की गावातले बुवा खास बोलावणे पाठवत. दारूपायी ती नोकरी गेली. त्यानंतर काय काय झाले ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. पण त्या साली मामांनी दारू सोडली होती. चौदा महिने त्यांनी थेंब घेतला नव्हता. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी बँकेत लागून सहा वर्षे झाली होती. चार व्यापारी ओळखीचे होते. एका दुपारी मामा माझ्या बिऱ्हाडी आले. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. चहा घेतला, मुलाच्या हातावर खाऊ ठेवला, आणि निघताना उंबऱ्यापाशी म्हणाले, ‘‘कुठे वह्या लिहायचं काम असलं तर बघ. पगाराचं काही नाही.’’

मी म्हणालो, ‘‘बघतो.’’

मी बघितले नाही. खरे सांगायचे तर बघायचे नाही, हे मी ‘बघतो’ म्हणतानाच ठरवले होते. एका आडत व्यापाऱ्याला वह्या लिहिणारा माणूस हवा होता, हे मला माहीत होते. पण उद्या मामा पुन्हा प्याले आणि तिथे काही घोटाळा केला तर? शब्द माझा जाणार होता. माझे नाव मला जपायचे होते. सुधाकराने नावापायी पेला उचलला; मी नावापायी दार लावून घेतले. दिवाळीच्या आत मामा पुन्हा प्यायला लागले. मी व्यापाऱ्याशी बोललो असतो तर ते प्यायले नसते, असे मी म्हणत नाही. तसे छातीठोकपणे कोणीच म्हणू शकणार नाही. पण ‘एकच प्याला’ वाचताना त्या गृहस्थांच्या तोंडी माझेच शब्द आहेत असे मला वाटते, आणि ते वाटणे आता जाणार नाही.

या बाबतीत गडकऱ्यांचे एक पात्र मला फार महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे भगीरथ. प्रेमभंगाने तो दारूला लागलेला आहे. मदिरामंडळातला, तळीरामाच्याच गोतावळ्यातला. म्हणजे सुधाकरासारखाच पडलेला. पण भगीरथ उठतो, आणि पुढे सुधाकराच्या बालविधवा बहिणीचा, शरदचा हात धरण्याइतका माणसात येतो. कसा उठतो? रामलाल त्याला नुसता उपदेश करून थांबत नाही. त्याला जवळ करतो, लोकसेवेच्या कामाला लावतो. रामलाल काही देवमाणूस नव्हे. शरदविषयी त्याच्या स्वतःच्या मनात जे उमटते, त्याची त्यालाच लाज वाटते. पण भगीरथाच्या बाबतीत त्याने एक गोष्ट केली: दार उघडे ठेवले. एकाच नाटकात दोन दारुडे. एकाला काम मिळाले आणि तो वाचला, दुसऱ्याला मिळाले नाही आणि तो बुडाला. यापरते स्पष्ट आणखी काय सांगायचे?

उघड्या दाराची शोकांतिका

आता सिंधू.

सिंधूबद्दल बोलताना आपण नेहमी असे बोलतो, की जणू तिला दुसरा मार्गच नव्हता. बिचारी! काय करणार? १९१९ सालची बाई. पांढरपेशा घरातल्या हिंदू बाईला तेव्हा कायद्याने घटस्फोट नव्हता. मुंबई इलाख्यात तो १९४७ साली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आला. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा यायला २००५ साल उजाडावे लागले. हे सगळे खरे. तरीही नाटक नीट वाचले तर दिसते, की गडकऱ्यांनी सिंधूला मुद्दाम असहाय केलेले नाही. उलट तिच्यासाठी त्यांनी एक दार सताड उघडे ठेवले आहे. तिचे माहेर श्रीमंत आहे. भाऊ पद्माकर तिला न्यायला येतो, तळमळून येतो. पैशाचा प्रश्न नाही, लोकलाजेचा नाही, मायेचा तर नाहीच. सिंधू नाही म्हणते. माहेरची कवडी घ्यायची नाही आणि नवऱ्याचे घर सोडायचे नाही, हा तिचा निर्धार. मग जात्यावर बसून ती लोकांचे दळण दळते आणि त्यावर घर चालवते.

पद्माकर दुष्ट असता, माहेर दरिद्री असते, तर सिंधूची कथा करुण झाली असती. शोकांतिका झाली नसती. दार बंद असलेल्या माणसाची आपल्याला कीव येते. दार उघडे असून जो माणूस उंबरा ओलांडत नाही, तो आपल्याला हलवून सोडतो.

आणि इथेच मला नवरा-बायकोचे एक विलक्षण साम्य दिसते. सुधाकर तापट, सिंधू शांत. सुधाकर व्यसनी, सिंधू सती. असा विरोध आपण लहानपणापासून पाहत आलो. पण दोघांची धातू एकच आहे. दोघेही कमालीचे मानी आहेत. मुन्सफापुढे मान तुकवणे सुधाकराला जमत नाही. भावापुढे हात पसरणे सिंधूला जमत नाही. त्याचा मान स्वतःच्या नावात आहे, तिचा मान पातिव्रत्याच्या नावात आहे. तो आपल्या मानापायी घर मोडतो आणि ती आपल्या मानापायी मोडत्या घराखाली उभी राहते. त्या घरात तान्हे मूल आहे. शेवटी सुधाकराच्या हातून ते मूल जाते आणि सिंधूलाही जीवघेणी इजा होते. मरता मरता ती फौजदारासमोर खोटे बोलते. जे झाले ते आपल्याच हातून झाले असे सांगून नवऱ्याला वाचवू पाहते. या जागी प्रेक्षागृह रडते. मीही रडलो आहे. पण आता वाचताना मनात पहिल्यांदा ते मूल आले. त्या मुलाने कोणते व्रत घेतले होते?

माझी मामी शिवणकाम करी, पापड लाटून देई. तिचा भाऊ कराडहून तिला न्यायला दोनदा आला होता. दुसऱ्यांदा तर बैलगाडी नव्हे, टॅक्सी करून आला होता. ती गेली नाही. एकदा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांना तिने न्हाणीत पाय घसरल्याचे सांगितले, आम्हालाही तेच सांगितले, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानले. मानले म्हणजे काय, तर मानणे सोयीचे होते. ती गेली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. कागदोपत्री आजाराचे नाव वेगळे आहे.

तेराव्याच्या दिवशी ती सगळी सिंधूची स्तुती चालू होती, तेव्हा माझी मामेबहीण आत भांडी विसळत बसली होती. मी जाऊन तिला सांगितले, ‘‘बाहेर लोक बघ काय म्हणताहेत आईबद्दल.’’ तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘‘दादा, सगळे आईला आधीपासूनच सिंधू म्हणायचे ना? मग तिला परत यायला तोंडच उरलं नाही.’’

तेव्हा मला तिचे बोलणे दुःखाच्या भरातले वाटले. आज वाटते, की ‘एकच प्याला’वर इतकी अचूक टीका मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. आपण बाईला सिंधू म्हणतो तेव्हा तिचा गौरव करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण तिच्या माहेरच्या दाराला बाहेरून कडी घालतो. सिंधू झालेली बाई भावाच्या टॅक्सीत कशी बसणार? बसली तर ती सिंधू राहणार नाही. आणि तिच्याजवळ ते नाव सोडून दुसरे उरलेच काय आहे?

गीता कुणी म्हणत नाही

या नाटकात आणखी एक बायको आहे. तळीरामाची गीता. नवरा दारुडा, घरात दारिद्र्य, मारझोड. सिंधूच्या वाट्याचे सगळे भोग तिच्याही वाट्याला आहेत. पण गीता बोलते. तोंडावर बोलते, टोचून बोलते, हसवून बोलते. नवऱ्याला त्याची जागा दाखवते. सिंधूवर जीव टाकते, पण सिंधूचे सगळेच तिला पटते असे नाही. आणि नाटक संपते तेव्हा गीता जिवंत असते.

गंमत पाहा. शंभर वर्षांत कुणा बाईला ‘अगदी गीता होती हो’ असे म्हटलेले मी ऐकले नाही. गीता आपल्याला विनोदी पात्र वाटते. तिच्या वाक्यांना टाळ्या पडतात आणि पडदा पडल्यावर ती विसरली जाते. बाईने सहन केले की आपल्या डोळ्यांत पाणी येते आणि तिने उत्तर दिले की आपल्याला हसू येते, असा हा हिशेब आहे. गडकरी ‘बाळकराम’ या नावाने विनोदही लिहीत. आपल्याला जे सरळ सांगता येणार नाही ते त्यांनी विनोदी पात्राच्या तोंडी घातले असेल का? मी तसा दावा करत नाही. सिंधूची भक्ती त्यांनी मनापासून रंगवली आहे, यात शंका नाही. पण तिच्या शेजारी गीतेला उभे करायला त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांनी केले. नाटककार कधी कधी आपल्या मतांपेक्षा शहाणा असतो.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नाटक जुन्या काळातले. आजच्या फुटपट्टीने सिंधूला का मोजता? माझे उत्तर असे, की मी सिंधूला मोजत नाही, आपल्याला मोजतो आहे. सिंधू ज्या काळात होती त्या काळाप्रमाणे वागली. तिच्याबद्दल मला आजही माया आहे. पण १९१९ सालच्या नाटकातले नाव १९८३ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात आम्ही घातले, आणि अजूनही घालतो आहोत, त्याचा दोष गडकऱ्यांवर कसा ढकलता येईल?

शिवाय गेल्या शंभर वर्षांत माणसाला व्यसनाबद्दल काही गोष्टी नव्याने कळल्या आहेत. सुधाकर रामलालला निक्षून सांगतो, की जो पुरता दारूच्या आहारी गेला त्याला परतीची वाट नाही. रंगभूमीवर हे भाषण अंगावर काटा आणते. पण शास्त्र म्हणून ते खरे नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. परतीची वाट आहे. निसरडी आहे, माणूस पुन्हा पडतो, पुन्हा उठावे लागते, पण आहे. व्यसनी माणसांच्या बायका-मुलांसाठी ‘अल-अनॉन’चे गट १९५१ पासून काम करतात. ते घरच्या बाईला पहिली गोष्ट अशी शिकवतात, की त्याचे पिणे तुझ्यामुळे सुरू झाले नाही आणि तुझ्या सोसण्याने ते थांबणारही नाही. सिंधूच्या सगळ्या व्रताला हे उत्तर आहे. आपल्या सोसण्याला कधीतरी फळ येईल, ही आशा ती शेवटच्या श्वासापर्यंत सोडत नाही. तिच्या सोसण्याने सुधाकर सुधारत नाही. तिच्या मरणाने तो शुद्धीवर येतो, आणि तोवर त्याच्यापुढे तो तिसरा पेलाच उरलेला असतो.

महाराष्ट्रात पुढे गावोगावच्या बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली. मला त्या रांगांत सिंधू दिसत नाही; गीता दिसते. घराघरातली बोलणारी, तोंडाळ म्हणून हिणवलेली गीता. दुकान बंद झाल्याने सगळे प्रश्न सुटतात असे नाही. पण ज्या गावात बायका एकत्र येऊन बोलल्या, त्या गावात कुठल्याच बाईला एकटीने न्हाणीत पाय घसरल्याचे सांगावे लागू नये, एवढी आशा करायला हरकत नाही.

हे नाटक बंद करा, असे मी म्हणणार नाही. उलट पुन्हा पुन्हा करा. फक्त ते करताना सुधाकराला काम नाकारणारे ते चार गृहस्थ कापू नका. प्रयोग लांबतो म्हणून हौशी मंडळे हमखास कात्री लावतात ती अशाच प्रसंगांना. मी पाहिलेल्या त्या मांडवातल्या प्रयोगात तो प्रसंग असल्याचे मला आठवत नाही. असता तर १९७८ च्या दुपारी तो आठवला असता की नाही, कोण जाणे. आणि गीतेची भूमिका नुसत्या हशासाठी कुणालाही देऊन टाकू नका. ती चांगल्या नटीला द्या.

मामा मामीच्या मागे दोन वर्षांनी गेले. शेवटी शेवटी ते दारापाशी बसून मांडीवर बोटांनी ठेका धरत. तबला केव्हाच विकला गेला होता. माझी मामेबहीण आता निवृत्त शिक्षिका आहे. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तिला वाचून दाखवला. ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दादा, आईबद्दल लिहिलंस ते ठीक. पण बाबांनी चौदा महिने सोडली होती, ते कुणालाच आठवत नाही. ते लिहिलंस, बरं केलंस.’’